इदाऊच्या मनगटावरचे ठिपके

कोनियोने एकतीस वर्षं बंदरावरच्या कचेरीत टंकलेखन केलं. वरून आलेला कागद जसाच्या तसा उतरवायचा, आपलं डोकं मध्ये घालायचं नाही, ही तिथली शिस्त तिने एकदाही मोडली नव्हती. म्हणूनच चर्चच्या सव्वाशेव्या वर्षाचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा गावातले जुने फोटो स्कॅन करायचं काम तिच्याकडे आलं.

पोर्ट मोर्सबीच्या खाडीत, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभं असलेलं हे गाव. इथल्या खाऱ्या दमट हवेत फोटो टिकत नाहीत. बुरशीचे ठिपके आधी कडेला येतात, मग चेहऱ्यांवर. आणखी दोन पावसाळ्यांत निम्मा ढीग हातातून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे राहणार ते स्कॅनरने ठेवलं तेवढंच.

स्कॅनर आणला वागीने. पोरगा इथलाच, आता शहरातल्या छापखान्यात साहेब झालेला. त्याने सगळं लावून दिलं आणि सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला. रेझोल्यूशन तीनशे, रंगांची आपोआप सुधारणा, आणि ‘धूळ काढा’ सगळ्यात वरच्या पायरीवर.

“मावशी, यातलं काही हलवायचं नाही हं,” तो म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी यंत्र परत न्यायला येतो.”

कोनियोने काही हलवलं नाही. रविवारपर्यंत एकशे चाळीस फोटो झाले. प्रार्थनेनंतर मंडळींनी ते पडद्यावर पाहिले आणि सगळे हरखले. बायका किती स्वच्छ आल्यात, एकीच्याही तोंडावर डाग नाही, असं जो तो म्हणत होता. कोनियोलाही शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

सोमवारी तिच्या आजीचा फोटो काचेवर आला. किनाऱ्यावर मातीची भांडी मांडून बसलेली आजी. पडद्यावर मात्र भलतीच कुणी बाई होती. कोनियोने चष्मा पुसला. मग मूळ फोटो खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला. आजीच्या गालांवरून हनुवटीकडे उतरणारे बारीक ठिपके तिथे होते. बुरशी कुठेही उगवते. हे ठिपके रांगेत होते. ते गोंदण होतं. जन्मभर बुरशी बघितलेल्या गावाच्या डोळ्यांनीच ते डाग म्हणून सोडून दिलं होतं, तर यंत्राला काय बोलायचं?

तिने ‘धूळ काढा’वरची खूण काढली. रंगांची सुधारणाही बंद केली, कारण त्या सुधारणेने फिकट रेघा पार धुऊन निघत होत्या. रेझोल्यूशन सहाशेवर नेलं. आजी परत आली. बुरशी आणि ओरखड्यांसकट आली. कोनियोने वागीला फोन लावला.

वागी हसला. शंभर वर्षांपूर्वीचे ठिपके कोण मोजत बसणार, असं त्याचं म्हणणं पडलं. पुस्तक नीटनेटकं दिसलं पाहिजे, आणि सूचना म्हणजे सूचना. कोनियोने फोन ठेवला, भिंतीवरचा कागद उतरवून घडी करून खणात ठेवला, आणि पहिल्या फोटोपासून पुन्हा सुरुवात केली. एकेका फोटोला आता चौपट वेळ लागत होता. मध्येच वीज जायची. ती आली की ही पुन्हा बसायची.

शुक्रवारी वागी आला तेव्हा कोनियोशेजारी इदाऊ बसली होती. नव्वदीची इदाऊ, गावात गोंदलेली शेवटची बाई. सगळे तिला बुबू, म्हणजे आजी म्हणत. कोनियोने वागीच्याच सूचना पुन्हा लावल्या आणि म्हणाली, “बुबू, हात ठेव काचेवर.”

इदाऊने हात ठेवला. उजेड सरकत गेला. पडद्यावर हात उमटला. जाड रेघा होत्या, पण मनगटावरचे बारीक ठिपके गेले होते. इदाऊचे वडील मोठ्या शिडाच्या होडीतून साबुदाणा भरून सुखरूप परतले, त्या वर्षी ते ठिपके गोंदले होते.

म्हातारीने पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे.

“ही कुणाची पोर?” तिने विचारलं. “आमच्यातली नाही ही.”

“तुझाच हात आहे, बुबू,” वागी म्हणाला.

“माझा? मग माझ्या बापाला कुठे बुडवलंस रे?”

वागी हळूच म्हणाला, की त्याला छापखान्यात वर उत्तर द्यावं लागतं. अजून दोनशे फोटो बाकी आहेत आणि यंत्र आज न्यायचंच आहे.

कोनियोने खुर्ची पुढे ओढली. “वर सांग, कोनियो यंत्र देत नाही. नाव नीट लिही, मी स्वतः टाइप करून देऊ का? दोनशे झाले की घेऊन जा. आणि पुस्तकात माझी आजी पुसून छापणार असाल, तर तिचा फोटो मिळायचा नाही. बाकीच्या बायकांचेही नाही. मी घरोघर जाऊन सांगेन.”

“आणि धुळीचं काय, मावशी?”

तिने मांडीवरचं मऊ फडकं उचललं, काच पुसली, पुढचा फोटो हलक्या ब्रशने झाडला आणि पालथा ठेवला.

“धूळ अशी काढायची,” ती म्हणाली, आणि झाकण खाली केलं.

वागीने चपला काढल्या, ढिगातला वरचा फोटो घेऊन ब्रश उचलला आणि कोनियोने हात पुढे करायची वाट बघत बसला. इदाऊने त्याच्या हातातला ब्रश उलटा आहे, हे त्याला दाखवलं.