डिकीत झोपून ऐकणाऱ्या शोभामावशी

शोभा मेश्राम यांच्याशी ओळख होऊन दहा मिनिटं झाली असतील नसतील, तोच त्या माझ्या गाडीच्या डिकीत शिरून आडव्या झाल्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली बाई. सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, केसांना घट्ट बांधलेलं फडकं. मागची सीट त्यांनी आधीच पाडून ठेवली होती. जॅक, स्टेपनी, माझ्या छत्र्या, मुलीची फुटकी बॅडमिंटन रॅकेट, सगळं बाहेर काढून त्यांच्या गॅरेजच्या शेडमध्ये रचलं होतं. "आधी घर खाली कर, मंग चोर शोधू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आता एक गुडघा पोटाशी घेऊन, एक तळहात चाकाच्या वरच्या पत्र्यावर दाबून त्यांनी आतूनच हुकूम सोडला, "चाल, हळू चालव. खड्डे चुकवू नको. आपण खड्ड्यासाठीच निघालो."

मी जुनवानीच्या रस्त्यानं गाडी हाकत होते आणि लाजेनं मेले होते. शेजारून जाणारा स्कूटरवाला मागच्या काचेतून आत पाहायचा, दचकायचा आणि मग माझ्याकडे पाहायचा. मावशींना त्याचं काही नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागचा आवाज कसा समजंल? जिथं दुखते तिथं जाऊन बसा लागते."

माझ्या गाडीचं दुखणं चार महिन्यांचं होतं. गतिरोधक ओलांडला की मागून डावीकडे खट् असा आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरला तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी एक चक्कर मारली आणि कार्डावर लिहिलं, आवाज नाही. दुसऱ्यांदा दोन्ही शॉकर बदलले. तिसऱ्यांदा तिथला मुलगा हसून म्हणाला, मॅडम, गाडी पुरानी है. घरी नवऱ्यानं शेजारी बसून दोन गल्ल्या फिरवल्या, नेमका तेव्हा आवाज झाला नाही. तुला भास होतात, असं तो म्हणाला. वाईट म्हणजे मलाही ते हळूहळू पटायला लागलं होतं. शाळेत शिकवताना खिडकी वाजली तरी मी दचकायची. अशा अवस्थेत कोणीतरी गाड्या दुरुस्त करणाऱ्या शोभामावशींचं नाव सांगितलं; इकडे अशा कारागिराला मिस्त्री म्हणतात. मी त्यांच्यापुढे जरा चाचरतच म्हटलं, की कदाचित आवाज नसेलही.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुले ऐकू येते नं?"

"येतं."

"मंग आहे. तुह्या कानाले खोटं कावून पाडून राहिली?"

एवढ्या महिन्यांत असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

त्या दिवशी चार खड्डे झाल्यावर त्यांनी मला ब्रेक मारायला लावला. खट्. पुन्हा एकदा. पुन्हा खट्. तळहाताला शॉकरचा धक्का लागत नव्हता, आवाज पुढून, सीटच्या खालून येत होता. "शॉकर नाही, बुश आहे," त्या डिकीतून म्हणाल्या. मागचा आडवा धुरा जिथे गाडीला जोडलेला असतो, तिथे दोन बाजूंना रबराच्या जाड कड्या असतात, ते बुश. शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी गाडी उचलली, टॉमी म्हणजे लोखंडी दांडा घालून धुरा जरा सरकवला आणि मला वाकून पाहायला लावलं. रबर अर्धं फाटलं होतं. कोणीतरी वर्षभरापूर्वीच ते बदललेलं होतं. पण बोल्ट कसताना गाडी जॅकवर होती, चाकं लोंबकळत होती. त्यामुळे गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं गेलं आणि पिळूनपिळून फाटलं. मावशींनी नवे बुश बसवले, गाडी जमिनीवर उतरवली, मागच्या सीटवर स्वतःच्या नवऱ्याला आणि मला बसवलं आणि मग खाली सरपटत जाऊन बोल्ट कसले. "गाडी आपल्या पायावर उभी असंल तेव्हाच कसाचं," त्या खालून म्हणाल्या. गाडीचा आवाज गेला. घरी जाताना मी मुद्दाम सेक्टर दहाच्या आमच्या गल्लीला तीन फेऱ्या मारल्या.

मावशींचे यजमान, मेश्रामकाका, इथल्या स्टील प्लांटमध्ये होते, तेव्हा निवृत्तीला आले होते. मावशी महाराष्ट्रातल्या, तुमसरकडच्या. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. मुलीनं आयटीआयला जाऊन मोटर मेकॅनिकचा ट्रेड घेतला तेव्हा त्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. लग्नानंतर सासू म्हणाली, सून गाडीखाली झोपते हे आम्ही नातेवाइकांना कसं सांगायचं? मावशींनी सासूला सांगितलं, तुम्ही नका सांगू, मी सांगते. आणि पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. काका हा किस्सा मान खाली घालून ऐकायचे आणि मिशीत हसायचे.

त्यांचा राग एका शब्दावर होता. 'पुरानी.' कोणी म्हटलं की गाडी जुनी आहे, वाजणारच, की त्या उसळायच्या. "जुनी आहे म्हणून नाही वाजत. कोणी पाहून नाही राहिलं म्हणून वाजते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. पण त्यासाठी त्या किती लांब जातील, ते मला त्या डिसेंबरात कळलं.

माझी मुलगी ओवी शाळेत तुलसी नावाच्या माणसाच्या व्हॅननं जायची. व्हॅन मावशींच्या शेडसमोरून जायची, आणि तिथल्या गतिरोधकावर मागून आवाज करायची. मावशींनी तुलसीला दोनदा थांबवून सांगितलं होतं, कमानीचे पाटे तपास. तो दोन्ही वेळा हसला होता. तिसऱ्या वेळी, सहामाही परीक्षेच्या सकाळी, त्या रस्त्यावर उतरून व्हॅनसमोर उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत.

तुलसीनं पालकांना फोन केले. मी पोचले तेव्हा तिथे पंधरा-वीस माणसं जमली होती. आत दहा मुलं, कोणी रडवेलं, कोणी मजेत. तुलसी ओरडत होता, औरत होकर गाड़ी रोकती है. एक बाप माझ्याकडे वळून म्हणाला, या बाईला तुम्ही ओळखता ना, समजवा. मलाही राग आला होता. मी मावशींना म्हटलं, "मावशी, तिचा गणिताचा पेपर आहे."

"पेपर परत होते," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरला. "तू ये. तू मास्तरीण आहे, तू पाहून सांग या सगळ्यायले."

सगळ्यांसमोर, शाळेच्या साडीत, मी त्या व्हॅनखाली शिरले. मावशी शेजारी उताण्या. मागच्या चाकाजवळ गाडीचं वजन झेलणारी लोखंडी पाट्यांची चळत होती, त्यातला मुख्य पाटा पुढच्या टोकाला वळून बोल्टाला अडकलेला. त्यांनी माझं बोट धरून त्या वळणावर टेकवलं. तिथे चीर होती. माझं नख आत गेलं, मग बोटाचं अर्धं पेर. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, हा तुटला की धुरा मागं सरकते, गाडी एकीकडं ओढते, ड्रायव्हर काही करू शकत नाही. मला वरून ओवीच्या पायांचा आवाज येत होता. ती सीटवर बसल्याबसल्या टाचा आपटत होती.

मी बाहेर आले आणि मुलांना खाली उतरवायला लागले. कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. माझं काळं बोट आणि बहुतेक माझा चेहरा पुरला. माझ्या आणि त्या मघाच्या बापाच्या गाडीनं दोन फेऱ्यांत मुलं शाळेत पोचली. पेपरला अर्धा तास उशीर झाला.

तुलसीनं व्हॅन दुसरीकडे नेली. तिथे पाट्यावरचे बोल्ट सैल केल्याबरोबर तो पाटा दोन तुकडे होऊन हातात आला, असं नंतर कळलं. पण आभार दूर राहिले. त्यानं ओळखीच्या सगळ्या व्हॅनवाल्यांना सांगितलं की त्या बाईकडे जायचं नाही. शेडचा मालक त्याच्या नात्यातला होता, त्यानं महिन्याभरात शेड रिकामी करायला सांगितलं. मी हळहळले तर मावशी माझ्यावरच चिडल्या. "मी काय चोरी केली? लेकरं उतरवली."

वैशाली नगरात काकांनी निवृत्तीसाठी लहानसं घर बांधलं होतं. पुढच्या अंगणात गुलाब लावायचं त्यांच्या मनात होतं. मावशींचे गुडघे तोवर गेले होते, डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली होती. त्यांनी अंगणात माणूसभर खोल खड्डा खणून घेतला. वर गाडी उभी करायची आणि खाली उभं राहून काम करायचं. शेजाऱ्यांनी तक्रार केली की वस्तीत गॅरेज नको. मावशींनी त्यांना एकेकाला घरी बोलावून चहा पाजला आणि खड्ड्यात उतरवून त्यांचीच गाडी खालून दाखवली. तक्रार मागे पडली. काकांनी गुलाब कुंड्यांत लावले.

तुलसी आला तो पुढच्या उन्हाळ्यात. फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. आत येऊन माफीचं काहीतरी पुटपुटू लागला, तेव्हा मावशींनी त्याला थांबवलं.

"माफी नको मागू. तुह्या बाकीच्या व्हॅनवाल्यांच्या गाड्या खालून कोण पाहून राहिला, ते सांग."

कोणीच नाही, असं तो म्हणाला.

"मंग इतवारी घेऊन ये."

त्या रविवारी सहा व्हॅन गल्लीत रांगेनं उभ्या होत्या. दोन गाड्यांचं काम निघालं. तुलसी दिवसभर खड्ड्याच्या काठाशी उभा राहून पाने देत होता आणि मावशी त्याला चुकीचा पाना दिल्याबद्दल खालून बोलत होत्या.

मावशींना जाऊन आता वर्ष होत आलं. छातीत कळ आली तेव्हा त्या अंगणातच होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा पुण्याहून आला आणि कार्य आटोपून गेला. जाताना म्हणाला, बाबा, खड्डा बुजवून टाका, कोणी पडेल. काकांनी त्यावर जाड फळ्या टाकून घेतल्या, बुजवला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा फाटकापाशी शिडी लावून पेंटर बोर्ड रंगवत होता. मावशींच्या हयातीत त्या जागेला कधी बोर्ड नव्हता. दुकान तर बंद झालं, मग बोर्ड कशाला, असं मी विचारलं. काका म्हणाले, "दुकान बंद झालं. ती होती, ते थोडी बंद झालं?"

पेंटरनं नाव लिहून संपवलं होतं, शोभा मेश्राम. तो वरून वाकून हिंदीत म्हणाला, साहब, नाम के आगे 'स्वर्गीय' लगा दूँ?

काकांनी मान हलवली. "आगे कुछ नहीं. पीछे लिखो, मिस्त्री."