मौनीबाईच्या भुवया

ऑफिसात तिला मौनीबाई म्हणत. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी तिला घरी बोलताना ऐकलं असतं, तर ते मुकाट्याने मागे घेतलं असतं. मोबाइलवरच्या ॲपचा पडदा कसा दिसावा, बटण कुठे असावं, माणसाचं बोट आधी कुठे जावं, हे ठरवणं तिचं काम. नवं काही तयार झालं की ते अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं, शेजारी बसायचं, आणि तो कितीही चाचपडला तरी चकार शब्द काढायचा नाही, हा त्या कामाचा नियम. मदत केली की चाचणी फुकट. बाकीच्यांच्या तोंडून "जरा खाली बघा ना" निसटायचंच. हिच्या तोंडून अकरा वर्षांत काही निसटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

ती अकरा वर्षं वीजबिलं, अर्ज आणि तक्रारींची पानं सजवण्यात गेली होती. आता पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या डोक्यातला गेम साहेबांनी मान्य केला होता. गेम अगदी साधा. टोपलीतले कपडे बोटाने ओढून दोरीवर वाळत घालायचे, वारा सुटला की चिमटे लावायचे, मोजे उडू द्यायचे नाहीत. साहेबांची अट एकच होती. शुक्रवारी बाहेरची तीन माणसं येतील. तिघंही कुणाला न विचारता खेळली तर गेम बाजारात, नाहीतर मौनीबाई पुन्हा अर्जांच्या पानांवर.

तिला घोर नव्हता, कारण घरी आत्या होती. आत्या निवृत्त नर्स. मोबाइल हातात घ्यायची तो थर्मामीटर धरावा तसा, दोन बोटांत. भाचीचं प्रत्येक काम आधी तिच्या हातून जायचं. 'आत्या पास तर जग पास' अशी ऑफिसात म्हणच पडली होती. कपड्यांचा गेमही आत्याने एका दमात खेळून दाखवला, एक मोजा म्हणून उडू दिला नाही.

बुधवारी तिने सहज म्हणून खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याला फोन दिला. त्याने शर्टवर एकदा बोट टेकवलं, दोरीवर टेकवलं, मग काच नीट पुसून फोन परत केला आणि चित्र छान आहे म्हणाला. किल्ल्या बनवणाऱ्याने तर गेम कधी सुरू होणार असं विचारलं. शर्ट ओढायचा असतो, हे दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. मौनीबाईच्या पायाखालची जमीनच सरकली.

घरी येऊन तिने आत्याला विचारलं, तुला मग कसं जमलं?

"मी फोनकडे कुठे बघते?" आत्या शांतपणे म्हणाली. "मी तुझ्याकडे बघते. बोट भलतीकडे गेलं की तुझ्या भुवया वर जातात. बरोबर जागी आलं की खाली येतात."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझा चेहरा पडलेला बघवत नाही गं मला."

"म्हणजे ते वीजबिलाचं पान?"

"ते मला अजून कळलेलं नाही."

रागवावं असं तिच्या मनात होतं, पण हसू आवरेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अकरा वर्षं तोंडाला कुलूप घालून ही बाई कपाळाने बोलत होती! दोघी हसून हसून दमल्या. मग तिने आत्याकडे पाठ केली आणि म्हणाली, आता खेळ. आत्या पहिल्याच पडद्यावर अडकली, चष्मेवाल्यासारखीच. बराच वेळ खटपट करून कुरकुरली, की शर्ट नुसता पडून राहिलाय, निदान घसरत असता तर धरला तरी असता.

भाची तिथल्या तिथे उठून कामाला लागली. शुक्रवारपर्यंत शर्ट टोपलीच्या काठावरून घसरू लागला होता.

शुक्रवारी बसचालक, शिक्षिका आणि रंगारी अशी तिघं आली. मौनीबाईने खुर्ची भिंतीकडे वळवली. साहेबांनी कारण विचारलं, तिने नंतर सांगते म्हटलं. शिक्षिकेचा खेळ झाला, रंगाऱ्याचा झाला, कुणी काही विचारलं नाही. बसचालकाचा खेळ मात्र संपता संपेना. हा अडकला, तिने मनाशी धरलं. शेवटी साहेब म्हणाले, वेळ संपली, फोन द्या.

"थांबा हो," बसचालक म्हणाला. "वारा सुटलाय. चादर राहिलीय माझी."

तिने खुर्ची फिरवली. मान खाली घालून, जिभेचं टोक दातांत धरून तो गृहस्थ चिमटे लावत होता. अकरा वर्षं तिचं काम कुणीतरी तिच्या मायेपोटी पास करत आलं होतं. या माणसाला ती कोण, खोलीत आहे की नाही, कशाचाच पत्ता नव्हता. त्याला फक्त चादर वाळत घालायची होती.