कंट्रोलरचा आवाज

सातवीत असताना मी हेडमास्तरच्या आवाजात, माइकवरून, शाळेले सुट्टी देऊन टाकली होती. खरे हेडमास्तर संडासातून बाहेर येईपर्यंत अर्धी शाळा घरी पोचली होती. मार लय बसला. पण त्या दिवशी मले समजलं का आपल्या गळ्यात काहीतरी फुकटचं सामान आहे.

तवापासून मी गावातल्या कोणालेच सोडलं नाही. तहसीलमधला बाबू, भाजीबाजारातल्या बाया, माहा बाप शिंकाच्या आधी देवाचं नाव कसा घेते, सगळे. गणपतीत, वाढदिवसाले, कॉलेजच्या गॅदरिंगमधी मले बोलावतात. बाकीच्या वेळी मी बस स्टँडसमोर काकाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो आन लोकायचे ऑनलाइन फॉर्म भरतो.

त्या स्टँडवर एक माणूस राहे. पन्नास-पंचावन्नचा असन. दोन खिशाचा खाकी शर्ट, कोणाचा तरी उतरलेला. एक दिवस नव्हता, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीजवळच्या बाकड्यावर बसून कोणत्या गावची गाडी कोठी लागली ते लोकायले सांगून राह्यला होता.

"नेर लागून राह्यली... तीन नंबरले लागून राह्यली... घाई करू नका, जागा आहे."

चौकशीच्या खिडकीपक्षा त्याचं जास्त बरोबर राहे. म्हणून सगळे त्याले कंट्रोलर म्हणत. टपरीवाला चहा दे, कोणी बिस्कीट दे, कोणी आलूबोंडा. तो स्वतः कोणत्याच गाडीत कधी बसला नाही.

मी त्याची नक्कल बसवली. आता खरं सांगतो, त्याच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं. घोगरा, थोडा नाकातला, आन सावकाश. निस्त्या तेवढ्यावर लोकं हसत नाहीत. नकलेले एक खुटी लागते, जिच्यावर लोकायनं हसू टांगावं. मंग मी आमच्या भूगोलाच्या सरायचं एक सामान उचललं. सर दर वाक्यानंतर दातातून हवा आत ओढत, ठेचा झोंबल्यावानी. स्स्स्. सर रिटायर होऊन यवतमाळले गेलते, कोणाच्या ध्यानात नव्हते. मी ते स्स्स् कंट्रोलरले लावून देल्लं.

"नेर लागून राह्यली, स्स्स्. तीन नंबरले, स्स्स्. घाई करू नका, स्स्स्."

पोट्टे लोळाले लागले. कंट्रोलरच्या समोरबी केली मी. त्यानं पुरी ऐकून घेतली, हसला नाही, रागावलाबी नाही. म्हणे, "गाडी चुकन तुही."

दीड वर्षानं कंट्रोलर दिसाचा बंद झाला. दोन-तीन महिन्यांनी गावाबाहेरच्या तुरीच्या वावरातल्या विहिरीत एक माणूस सापडला. चेहरा पाहाजोगा नव्हता. टपरीवाल्यानं शर्ट ओळखला, पण शर्टाले काय नाव राह्यते? पोलिसायनं पेपरात देलं, फोटो फिरवले, कोणी आलं नाही. तपासणीले पाठवलेल्या हाडातून काही निघालं नाही, इतकं ते पाण्यानं खराब झालतं. घातपात नव्हता. नगर परिषदेनं पुरला. फाइलवर लिहिलं, अनोळखी पुरुष.

आन मी त्याच्या दुसऱ्याच वर्षी गॅदरिंगमधी कंट्रोलर केला. मेलेल्या माणसाची नक्कल कराची का नाही, हा इचार माह्या डोक्यात आलाच नाही. पहिल्या रांगेतले कॉलेजचे सर खुर्चीवरून पडाले आलते. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आन तो व्हॉट्सअॅपवर जिल्हाभर हिंडला.

मागच्या वर्षी दुकानात फोन आला. ठाण्यातून, येऊन जा म्हणून. गेलो.

हवालदारसाहेब रिटायरमेंटले आले आहेत. वरच्या सायबानं जुन्या बेवारस मयतायच्या फाइली त्यायच्या टेबलावर आणून टाकल्या होत्या, का जाण्याच्या आधी जेवढ्यायचं नाव लागन तेवढ्यायचं लावा.

"तूच का तो नकल्या?"

"हो साहेब."

"माही केली का कधी?"

"नाही साहेब." केलती. तीनदा.

"बस अथी. ह्या बाईले तुहा कंट्रोलर ऐकाचा आहे."

बाकावर एक बाई बसली होती. साठीले टेकलेली, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातानं धरलेली. बोरी अरबच्या बाजूच्या खेड्यातून आलती. तिचा लहाना भाऊ सहा वर्षांआधी दवाखान्यात जातो म्हणून घरून निघाला तो निघालाच. तवापासून जेथी बेवारस माणूस सापडे तेथी ही जाऊन फोटो पाहे. पाच ठाणे झाले होते. हे सहावं. घरी तिच्या पोरानं मोबाइलवर माहा व्हिडिओ दाखवला होता, तो आवाज ऐकून ती अथी आलती.

"बाबू," ती म्हणे, "बोल न थोडा त्याच्यावानी."

मी उभा राह्यलो. सवयच तशी, चार डोकी दिसली का गळा आपोआप फिरते. "नेर लागून राह्यली, स्स्स्. तीन नंबरले..." मांगं दोन शिपाई फिसकन हसले. हवालदारानं त्यायच्याकडे पाह्यलं. आन बाईनं माहं मनगट पकडलं.

"हाच. असाच तोंडानं हवा ओढे. लहानपणी तोंड पोळलं होतं, तवापासून. हाच आहे माहा भाऊ."

माह्या तोंडातलं स्स्स् तोंडातच राह्यलं.

तवाच बोलाले पाहिजे होतं. दोन वाक्यायचं काम होतं. पण ती रडून राह्यली होती, आन तिचं रडणं सुटल्यावानी होतं, खूप दिवसायचं अडकलेलं. हवालदारानं तिच्यासमोर शर्टाचा फोटो ठेवला. हाच फोटो तिनं तासाभराआधी पाहून म्हटलं होतं, असा शर्ट तं कोणाचाबी राह्यते. आता म्हणे, "हा त्याचाच."

बाहेर आल्यावर हवालदार मले म्हणे, "पाह्य, नकलेवर माणूस ओळखाचं कलम नाही. पण बाईनं शर्ट ओळखला, सही केली, का नाव लागते. सोमवारी ती पोराले घेऊन यीन. तूबी ये. मयत असाच बोलत होता, एवढा तुहा जबाब."

"माहा कायले साहेब?"

"कावून, लाज वाटून राह्यली? स्टेजवर तं नाही वाटत."

सोमवारले पाच दिवस होते. मी दुकानात बसलो तं गिऱ्हाईक म्हणे, झेरॉक्स होईपर्यंत कंट्रोलर होऊन जाऊ दे. घरी बाप म्हणे, जेवताना तो आवाज काढू नको, पोरं भेतात. मी म्हटलं, मी कोठी काढला? बाप म्हणे, आता काढला न, भाजी मागताना.

मंग मी मोरीत कडी लावून बसलो आन खरा कंट्रोलर आठवाले लागलो. स्स्स् नसलेला. नेर लागून राह्यली, म्हटलं, आन जीभ दाताले जाऊन लागली, हवा आत. पुन्हा. पुन्हा तेच. वीस वेळा करून पाह्यलं. ज्याले दीड वर्ष रोज ऐकलं त्याचा आवाज माह्याजवळ उरलाच नव्हता. माही नक्कल उरली होती. तिनं त्याले खाऊन टाकलं होतं.

सांगतलं तं बाई सातव्या ठाण्याच्या पायऱ्या चढन. नाही सांगतलं तं विहिरीतल्या माणसाले भलत्याच घरचं नाव लागन, आन त्याचं खरं कोणी असन तं त्याले फाइल बंद दिसन. आन तिचा भाऊ कोठी कोण्या स्टँडवर जित्ता बसून असन, तोबी कागदावर मेला. कोणत्याबी बाजूनं दार नव्हतं. मी कळंबले मामाकडे पळाचं ठरवलं. बॅगबी भरली. हवालदाराले कसं समजलं काय माहीत, फोन आला, "कळंबले गेलास तं चिंतामणीच्या रांगेतून उचलून आणीन. दर्शनबी होऊ देणार नाही."

सोमवारी मी गेलो तं बाई माह्या आधी येऊन बसली होती. पोरगा आधार कार्डाचं झेरॉक्स आणाले गेलता. आमच्याच दुकानात. हवालदार सायबाच्या केबिनमधी होते. तिनं पिशवीतून भाकर काढली, वर शेंगदाण्याची चटणी, अर्धी मोडून माह्या हातावर ठेवली.

"खाय बाबू. तुह्यामुळं झालं हे."

मी भाकर ह्या हातातून त्या हातात केली.

"गुडघे गेले माहे," ती म्हणे. "आता ठाणे नाही होत. फोटो पाहाच्या आधी मी म्हणतो देवा हा नको असू दे, आन पाह्यल्यावर म्हणतो, असता तं बरं झालं असतं. असं पाच वेळा. आता हा असू दे बाप्पा, सुटलो मंग."

मंग इचाराले लागली. काय खाये? मी म्हटलं, आलूबोंडा, पण वरची मिरची बाजूले ठेवे. कोठी झोपे? म्हटलं, टपरीच्या मांगं. नाव काय सांगे?

दीड वर्षात मी त्याच्या नाकाचा, गळ्याचा, हाताचा हिशेब ठेवला होता. नाव कधी इचारलं नव्हतं.

"कधी ताई म्हणून माही आठवण काढे का?"

हो म्हणाले काय लागते. मी ते त्याच्याच आवाजात म्हणू शकलो असतो, 'ताईकडे जाचं आहे'. तिनं जन्मभर जपून ठेवलं असतं. माह्या जिभेवर आलतं, शपथ.

"मावशी," मी म्हटलं, "ते स्स्स् त्याचं नाही."

"काय?"

"ते तोंडानं हवा ओढणं. ते आमच्या भूगोलाच्या सरायचं आहे. लोकं हसावं म्हणून मी त्याले लावलं."

ती माह्याकडे पाहत राह्यली. हातातला भाकरीचा तुकडा तसाच.

"मास्तर जिवंत आहे?" तिनं इचारलं.

"हो. यवतमाळले, पोराजवळ. सत्तरीचे आहेत. त्यायले मी ओळखतो, ते तुमचे भाऊ नाहीत."

तिनं भाकर पुन्हा फडक्यात बांधली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मले वाटलं, आता एक ठेवून देते. ठेवाले पाहिजे होती.

"ते काढून टाक," ती म्हणे, "आन बोल."

"येत नाही मावशी. आपोआप येते ते."

"बोल म्हणतो न."

मी ओठ चिमटीत धरले. एक वाक्य बोलाचो, का ओठ धराचो. नेर लागून राह्यली. धरले. तीन नंबरले लागून राह्यली. धरले. समोरचा शिपाई पाहून राह्यला होता, का हे पोट्टं आता काय नवीन आयटम करून राह्यलं. बाईनं डोळे मिटले होते.

"पुन्हा."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा घाईचं वाक्य आलं, "घाई करू नका, जागा आहे," आन ते कसं काय माहीत, त्याच्यासारखं निघालं. घोगरं, सावकाश. तो बाकड्यावर बसलेला दिसला मले.

बाईनं डोळे उघडले.

"नाही," ती म्हणे. "माहा भाऊ एवढ्या धीरानं कोणासंगच बोलला नाही. माह्यासंगबी नाही."

हवालदार फाइल घेऊन आले. "चला बाई, सही."

"मी हा शर्ट नाही ओळखत साहेब."

हवालदारानं तिच्याकडे पाह्यलं नाही, सरळ माह्याकडे पाह्यलं. "काय केलं बे?"

मी सांगतलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मले वाटलं शिव्या देतीन. पण म्हणे, "तुले पाच दिवसांआधी नाही सुचलं?"

"सुचलं होतं साहेब."

त्यायनं फाइलमधून कोरा कागद काढला, मधात रेघ मारली. "घे. एका बाजूले त्याचं काय होतं ते लिही, दुसऱ्या बाजूले तुहं काय. नाही तं उद्या दुसरी बाई यीन, परवा तिसरी, आन प्रत्येकीले तू तिचा माणूस काढून देशीन."

मी तिले स्टँडवर सोडाले गेलो. पोरगा मांगून झेरॉक्स घेऊन आला, त्याले काही समजेना, का सही न करता आई निघाली कशी. ती त्याले म्हणे, "आपला नाही तो." एवढंच. बोरी अरबची गाडी कवा आहे ते तिनं चौकशीच्या खिडकीत नाही, मले इचारलं. मी सांगतलं, साडेचारची, दोन नंबरले लागते. मले ते पाठच आहे, त्याच्याकडूनच. गाडी लागली तं मी तिची पिशवी वर देल्ली. तिनं खिडकीतून इचारलं, "सातवं ठाणं कोणतं पडन रे आमच्या बाजूनं?" मले गाड्या पाठ आहेत, ठाणे नाही. ती म्हणे, "असो. पाहू."

तो कागद माह्या दुकानात काचेखाली आहे. 'माहं' ची बाजू एका बसणीत भरली. स्स्स्, हात हलवणं, डोळे फिरवणं, शेवटची शिंक, तीबी बापाकडून उचललेली. 'त्याचं' च्या बाजूले सात ओळी आहेत. लागून राह्यली. घाई करू नका. मिरची बाजूले. गाडी चुकन तुही. बाकीच्या तीन टपरीवाल्याले इचारून भेटल्या. त्यातली एक अशी का तो चहा घेताना पहिला घोट थुंकून टाके. ते मी दीड वर्षात पाह्यलंच नव्हतं.

गणपतीत कंट्रोलरची फर्माइश आली तं मी ओठ धरून केला. कोणी हसलं नाही. एक जण मांगून ओरडला, "अबे, तब्येत बरी नाही का?"

काल हवालदाराचा फोन आला. कळंबकडचे दोघं भाऊ येऊन राह्यले आहेत, बाप शोधत. शर्ट पाहून त्यायले काही सांगता येत नाही.

"कागद घेऊन ये," ते म्हणे. "आन ओठ घट्ट धर."

काकाले अर्ध्या दिवसाची सुट्टी मांगतली आहे. सकाळपासून मोरीत बसून आहो. सात वेळा बिना स्स्स्चं निघते, आठव्याले जीभ दाताकडे जाते.