नकाशावरून गायब झालेले स्विच

आमच्या ऑफिसात तक्रारी निपटतात, किस्से मात्र साचत जातात. काम तसं साधं. इंदूरभरच्या गिऱ्हाइकांचे नेटवर्क स्विच आमच्या मोठ्या स्क्रीनवर, नकाशात दिसतात. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे हो, कॉम्प्युटरच्या वायरी जोडणारा डबा! चालू असला की हिरवा ठिपका. ठिपका गायब, की मी आणि माझा जोडीदार शिर्के निघालो शोधायला!

*

बडा गणपतीजवळचे एक कापडवाले शेठजी. दुकानात तीन स्विच, नकाशात एकच! वायरी तपासून थकलो. मग कळलं, शेठजींनी तिघांनाही एकच नाव दिलंय: गणेश! सॉफ्टवेअर बिचारं तिघांना एकच समजत होतं.

"शेठजी, नावं वेगळी ठेवा."

"गणपति छोड़ के दूसरा नाम? सवाल ही नहीं!"

शिर्के म्हणाला, "मग विनायक, गजानन आणि एकदंत ठेवू."

शेठजी खूश. "अरे भिया, फिर तो और लगा दो! नाम की क्या कमी है?"

*

एका दवाखान्याचे सगळे ठिपके एकदम गेले. धावत पोचलो, तर तिथे सगळं मस्त चालू! नव्या मॅनेजरनं सगळ्या स्विचचे पासवर्ड बदलले होते, म्हणून आमचं सॉफ्टवेअर दाराबाहेर.

"आम्हाला सांगायचं ना!"

"सेफ्टी है जी. किसी को नहीं बताया."

"बरं, आता सांगा."

तो डोकं खाजवत म्हणाला, "वही तो याद नहीं आ रहा!"

*

स्नेहलतागंजात उलटंच. वर्षाच्या तपासणीला गेलो, तर ठिपका हिरवा, पण डबाच सापडेना. शिर्केनं भिंतीला कान लावला. "अरे, आत पंखा घरघरतोय!" मिस्त्रीनं कोनाडा स्विचसकट लिंपून टाकला होता. भिंत फोडू का, म्हणून आमच्या बॉस जोशीमॅडमना फोन केला.

"चालतोय ना?"

"हो."

"मग राहू दे की समाधीत!"

*

शिर्केची आई एकटी राहते. तिच्या घरचा छोटा स्विचही त्यानं मॅडमना विचारून नकाशावर टाकला होता. एका सकाळी तो ठिपका गेला. आई फोन उचलेना. शिर्केचा चेहरा पांढरा पडला. मीच गाडी काढली. वाटेत तो सारखा फोन लावत होता.

दार आईनंच उघडलं. ठणठणीत! आत पोह्यांचा वास. स्विचचा प्लग काढून बाजूला ठेवलेला.

"आई, हे काय? फोन का नाही उचललास?"

"फोनवर तू बिझी असतोस. मागे लाइट गेली, हा डबा बंद पडला, तेव्हा कसा धावत आलास! बसा दोघं, पोहे गरम आहेत."

पुढच्या आठवड्यात तोच ठिपका पुन्हा गेला. शिर्के स्क्रीनकडे बघत बसला. मागून जोशीमॅडम म्हणाल्या,

"शिर्के, बघताय काय? जा, फॉल्ट अटेंड करा!"