खंडेनवमीची कॅसेट

विभावरी मूळची चिपळूणची. बोलघेवडी अशी, की बसस्टॉपवर पाच मिनिटं उभी राहिली तर शेजारणीच्या सुनेचं माहेर कळलेलं असायचं. अशा बाईला नवऱ्यानं नेऊन कुठे ठेवलं म्हणाल? जर्मनीच्या पार उत्तरेला, समुद्राच्या बांधाआडच्या एका गावात! चंद्रशेखर पवनचक्क्यांचा इंजिनिअर. तो सकाळी सातला जायचा आणि ही दिवसभर खिडकीतून मेंढ्या बघायची. गावातली माणसं दिवसाला चार शब्द बोलणारी, त्यातले दोन ‘मोइन, मोइन’, म्हणजे नमस्काराचे.

पहिल्या हिवाळ्यात तिला वेड लागायचंच बाकी होतं. वाचवलं ते शेजारच्या मोमेनं. ऐंशीच्या घरातला म्हातारा, जन्मभर मासेमारी केलेला. कुंपणावरून तिला हाक मारून आपल्या किनाऱ्यावरच्या फ्रिझियन बोलीत काहीतरी सांगत सुटला. हिला ओ की ठो कळेना, पण ही ऐकत राहिली. मग तो जर्मनमध्ये म्हणाला, “तुला कळत नाही, म्हणून तू मधे बोलत नाहीस. गेशे सतत मधे बोलते.” गेशे म्हणजे त्याची बायको.

दोन हजार चार साली गावच्या सभागृहात नवशिक्यांसाठी लघुपटांचा वर्ग निघाला. सहाजण, कॉम्प्युटर एकच. विभावरीनं सात मिनिटांची फिल्म केली. मोमे जाळं दुरुस्त करता करता आपल्या बोलीत बासष्टच्या पुराची गोष्ट सांगतो, बस्स, एवढीच. पण ती कापायला-जोडायला तिनं त्याची वाक्यं शंभरदा ऐकली. फिल्म झाली की कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटवर उतरवायची आणि पुढच्यासाठी कॉम्प्युटर रिकामा करायचा, असा नियम होता. हिनं काटकसर केली आणि शूटिंगच्याच कॅसेटवर, शेवटी, फिल्म उतरवली.

सप्टेंबरात मोमे झोपेतच गेला. थोड्या दिवसांनी गेशे दारात उभी.

“फोटो ढीगभर आहेत गं. आवाज कुठेच नाही. तुझ्याकडे आहे ना?”

“आहे. आत्ता लावू?”

“नको. एकटीला झेपायचं नाही. ऑक्टोबरात सभागृहात दाखवाल, सगळे बघतील, तेव्हा ऐकेन.”

कार्यक्रम शनिवारी, आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. आता खंडेनवमीला हत्यारं पुजायची नाहीत तर कधी? पाटावर चंद्रशेखरचे पाने, स्वयंपाकघरातली सुरी, कॅमेरा आणि कॅसेट. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली शेवंती. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं.

“अगं, त्या कॅसेटवर पाणी कशाला?” चंद्रशेखर म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा हो! आमच्या आईचं शिलाई मशीन चाळीस वर्षं पुजलंय, कधी बिघडलं नाही.”

आणि मोमेचा आवाज आहे तिथेच कुंकू लागावं, म्हणून वेडीनं अंगठ्यानं कॅसेटची झडप उघडली आणि चिमूट थेट फितीवर टेकवली. भक्तीनं केलं हो, अगदी मनापासून!

शनिवारी दुपारी एकदा बघून घ्यावं म्हणून तिनं कॅसेट कॅमेऱ्यात घातली आणि सुरुवातीपर्यंत मागे फिरवली. कुंकू या टोकापासून त्या टोकापर्यंत फितीवर घासत गेलं. मग चालू केली, तर गर्रर्र! झडपेतून लाल फीत लोंबायला लागली. “अहो, मी त्याला मारलं,” एवढंच विभावरी म्हणत राहिली. चंद्रशेखरनं गाडी काढली.

वर्गाचा शिक्षक यान तीन तास कापसाच्या बोळ्यानं फीत पुसत बसला. पडद्यावर नुसते चौकोन, कानात किंचाळी. शेवटी म्हणाला, “फिल्म गेली. शूटिंगमधले अकरा सेकंद आहेत. तेवढेच.”

सहाला सभागृह भरलं. गेशे पहिल्या रांगेत, ठेवणीतला निळा झगा घालून. विभावरीला तिला सांगायचं होतं, पण ती मागच्या रांगेत जाऊन बसली. पाच फिल्मा झाल्या, टाळ्या झाल्या. मग पडद्यावर मोमे आला. मांडीवर जाळं. त्यानं कॅमेऱ्याकडे बघून तोंड उघडलं आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागून विभावरीचाच मोठा आवाज आला, “थांब, थांब मोमे! अजून बोलू नकोस!” म्हाताऱ्यानं शहाण्या मुलासारखं तोंड मिटलं. हसला. पडदा काळा झाला.

“मग?” गेशे म्हणाली. “पुढे?”

विभावरी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. गेशेला पूजा कळली नाही, फक्त फीत गेली एवढं कळलं. तेव्हा विभावरीनं डोळे मिटले आणि मोमेची वाक्यं म्हणायला लागली, शंभरदा ऐकलेली, त्याच्याच बोलीत, त्याच जागी थांबत, गोष्ट पुराची एवढंच ठाऊक, अर्थ एका शब्दाचाही माहीत नसताना. गेशेनं तिचा हात घट्ट धरला. एकदाही मधे बोलली नाही.

संपल्यावर म्हातारीनं तिचा हात सोडला.

“शब्द त्याचेच आहेत,” ती म्हणाली. “पण पोरी, आवाज तुझा आहे.”

मग तिनं ती कॅसेट मागून घेतली, पर्समध्ये ठेवली आणि बोटांना लागलेलं लाल रुमालाला पुसत घरी गेली.