नाथाचा बॅटरीवरचा भोंगा

मोरव्यात कुणाकडे लग्न ठरलं की जेवणाचं आवतण द्यायला नाथा निघायचा. घरोघरी जायचं, दारात हात जोडून "जेवाया या" म्हणायचं, हा त्याचा एकट्याचा धंदा, बापापासून चालत आलेला. मोबदल्यात नारळ, पायलीभर तांदूळ आणि प्रत्येक दारात पाव तास गप्पा. या गप्पाच त्याला महागात पडत. एका गावाला दोन दिवस लागायचे आणि लग्नसराईत शेजारच्या गावाचं काम हातचं जायचं.

एकाहत्तर साली नाथाच्या डोक्यात किडा वळवळला. मुंबईहून त्याने बॅटरीवरचा जुना भोंगा आणला. बटण दाबलं की आवाज थेट मिठागरापर्यंत!

"आता अर्ध्या तासात गाव उरकतंय बघ," तो बायकोला म्हणाला. नवऱ्याला शहाणपण सुचलं की गप्प बसावं, हे शांती संसारात शिकली होती.

पहिलं काम पार्वतीच्या मुलीच्या लग्नाचं. नवऱ्यामागे मिठागरात राबून पार्वतीने हे लग्न उभं केलं होतं. नाथा देवळाच्या पारावर चढला, भोंग्यातून तीनदा ओरडला आणि घरी येऊन भरदुपारी घोरत पडला.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पानं मांडली, भात उतरला. वऱ्हाडी तेवढे बसले होते. गावातलं चिटपाखरू फिरकेना. पार्वतीचे डोळे भरून आले. "नाथा, माज्या पोरीच्या लग्नाला गाव का येत न्हाय रं?"

नाथा धावतच सुटला. पहिलंच दार सरूबाईचं. बघतो तर बाई नवं लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून उंबऱ्यावर बसलेली. मागे सगळं घर नटून तयार.

"सरूबाय, भोंगा ऐकलास न्हाय?"

"ऐकला की. भोंगा गावाला बोलवत व्हता. आमाला कोनी बोलावलं?"

नाथाने मुकाट्याने हात जोडले. सरूबाई लगेच उठली.

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. अख्खं गाव सकाळपासून उपाशी, नटूनथटून, नाथाची वाट बघत बसलं होतं. त्याला लाज वाटली आणि भरूनही आलं. शेवटच्या दारात पोचला तेव्हा धापेने तोंडातून शब्द फुटेना. आतून म्हातारा बाबाजी काठी टेकत आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बोलू नको. तू आलास, झालं."