आर्लिसबाई आणि रिकामा थांबा

आर्लिसबाई ट्वेट यांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या कामातला एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. थांब्यावर घ्यायला कुणी आलेलं नसेल तर मूल उतरवायचं नाही. बस तिथंच उभी ठेवायची, मागच्या गाड्यांना काय भोंगे वाजवायचे ते वाजवू दे.

निवृत्तीनंतर त्या दर उन्हाळ्यात एकेक बेसबॉलचा पोरगा घरी ठेवून घ्यायच्या. मिसिसिपीकाठच्या आमच्या गावात ‘पाणमांजरं’ नावाचा संघ होता. पोरं एका बड्या शहरातल्या क्लबाच्या मालकीची. इथं घडायची, चांगली निघाली तर वरच्या संघात जायची. त्या काळी क्लब त्यांना राहायला जागाही देत नसे. गावातल्या बायका द्यायच्या, फुकट.

त्या वर्षी बाईंकडे अन्येलो होता. डोमिनिकन, विशीतला, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर. बाई त्याच्यासाठी कच्ची केळी उकडून कुस्करायला शिकल्या, तो त्यांच्या अंगणातलं गवत कापायचा आणि त्यांना ‘मॉम’ म्हणायचा. त्याची खरी आई, दोन्या मिनेर्वा, म्हणजे मिनेर्वाबाई, शिवणकाम करायची. तिनं मुलाला व्यावसायिक सामन्यात खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. दोनदा व्हिसा नाकारला गेला, तिसऱ्यांदा मिळाला. जुलैच्या शेवटी ती आठवडाभरासाठी आली.

आणि जुलैचा शेवट म्हणजे बाजाराचा हंगाम. वरच्या क्लबांना अचानक साक्षात्कार होतो की आपल्याकडे शेवटच्या डावांत येऊन चेंडू टाकून सामना वाचवणारा पिचर नाही. मग ते दुसऱ्याचा एखादा मुरलेला पिचर आणतात, अवघ्या दोन महिन्यांसाठी, आणि बदल्यात आमच्यासारख्या गावातली उगवती पोरं देऊन टाकतात. कापणीच्या घाईत बियाणं विकण्यातला प्रकार. पण बियाण्याला आई नसते.

शुक्रवारचा सामना होता. मी पत्रकारकक्षात चेंडूचा वेग मोजणारं यंत्र सांभाळत होतो. दुसऱ्या डावात अन्येलो शिरस्त्राण घालून, बॅट घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. खाली दोन्या मिनेर्वा मुठी आवळून बसलेली. तेवढ्यात प्रशिक्षकानं त्याला आत बोलावलं. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग एकेक सोबती उठून त्याला मिठी मारू लागला.

सामना चालू असताना मिठ्या म्हणजे पोरगा वरच्या संघात गेला, असं आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. सगळे उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. आर्लिसबाईंनी दोन्या मिनेर्वाला कवटाळलं. दोघी रडत होत्या, हसत होत्या.

माझ्या समोरच्या पडद्यावर तेव्हाच बातमी आली. अन्येलोला दुसऱ्या क्लबाला देऊन टाकलं होतं. बदल्यात हॉलिस प्रूइट, छत्तीस वर्षांचा पिचर.

खाली जाऊन मला ते सांगावं लागलं. तीन उन्हाळे पोरांत राहून मला स्पॅनिश बऱ्यापैकी यायला लागली होती, पण त्या वाक्याला पुरेशी नव्हती. दोन्या मिनेर्वाचे टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले.

“म्हणजे तो आता बॅट करणार नाही?” तिनं एवढंच विचारलं.

आर्लिसबाई तडक आमच्या व्यवस्थापकाच्या खोलीत शिरल्या. हा ब्रेनन लहानपणी त्यांच्याच बसमधून शाळेत जायचा.

“एकदा, ब्रेनन. फक्त एकदा त्याला मैदानात सोड. त्याची आई समुद्र ओलांडून आलीय.”

“माझ्या हातात नाही हो. वरून फोन आलाय. त्याला काही दुखापत झाली तर सौदा मोडेल.”

“तुझ्या हातात आहे तरी काय? हॉट डॉगवरची मोहरी?”

“आर्लिसबाई, हा धंदा आहे.”

“धंदा गुरांच्या बाजारातही असतो. तिथं निदान गाय घेणारा गोठा बघून ठेवतो! कुठं राहणार हा? कोण घ्यायला येणार?”

“तिकडचे लोक बघतील.”

“नाव सांग त्यांचं.”



शनिवारी पहाटेच्या विमानानं अन्येलोला केंटकीत नव्या संघाकडे धाडलं. विमानतळावरून परतताच बाईंनी गाडीत इंधन भरलं. “आठ तासांचा रस्ता आहे. कॉर्बिन, तू बोलायला चल. गाडी मी चालवणार,” त्या मला म्हणाल्या.

वाटेत रेडिओवर दोघे जण सौद्यावर बोलत होते. प्रूइट आला हे फार उत्तम झालं. बदल्यात काय, कोणीतरी पोरगा, लॉटरीचं तिकीट. दोन्या मिनेर्वानं मला विचारलं, “काय म्हणतात?”

“सांग तिला, पाऊस येणार म्हणतात,” बाई म्हणाल्या आणि रेडिओ बंद केला. थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटल्या, “तिकीट! तिकिटाला रात्री ताप येतो का? मी उशाशी बसलेय याच्या.”

मी म्हटलं, “निदान तो प्रूइट तरी खूश असेल.”

“त्याला तरी कुणी विचारलंय?” बाई फणकारल्या. “त्याचीही पोरं शाळेत असतील कुठं.”

रविवारी दुपारी ऊन रणरणत होतं. नव्या मैदानाच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक खेळाडूचा फोटो यायचा. अन्येलोच्या जागी नुसती करडी आकृती आली. “बघा, बघा!” म्हणत बाई उठल्या. दोन्या मिनेर्वानं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. तिला पडदा बघायचाच नव्हता.

अन्येलो मैदानात आला. त्यानं प्रेक्षकांत नजर फिरवली आणि त्याला दोघी दिसल्या. पहिला चेंडू त्यानं सोडला, दुसरा चुकला. तिसरा त्यानं असा उंच टोलावला की मी श्वास रोखला. पण कुंपणापाशी तो झेलला गेला. बाद. आजूबाजूला कुणी मान वर केली नाही. दोन्या मिनेर्वा मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती, शुक्रवारी थांबलेल्या सगळ्या टाळ्या.

सामन्यानंतर आम्ही खेळाडूंच्या दारापाशी गेलो. आईनं मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. क्लबाचा एक तरुण नोकर हातात चावी नाचवत आला.

“मोटेलची चावी. तीन रात्री. पुढं याचं यानं बघायचं.”

“घरी याला कोण नेणार?” आर्लिसबाईंनी विचारलं.

“म्हटलं ना, मोटेल.”

“मोटेल म्हणजे माणूस नव्हे. ज्यांच्याकडे तुमची पोरं राहतात अशा बायका या गावातही असतीलच. त्यांतल्या एकीला बोलाव.”

“बाई, आज रविवार आहे. तुम्हाला लांब जायचंय म्हणता, उशीर होईल.”

“होऊ दे की.”

बाईंनी गाडी आणून बरोबर त्या दारासमोर आडवी लावली आणि इंजिन बंद केलं. आतून खेळाडूंची बस निघायची होती. चालकानं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. बाईंनी खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि त्या तरुणाकडे नुसतं बघत राहिल्या.

शेवटी त्यानं खिशातून फोन काढला.